अर्ध्या वाक्याचं ऋण

लेझरवर काम करणाऱ्यांचा कुठलाही शोधनिबंध उघडला, की प्रयोगाच्या वर्णनात एक वाक्य बहुधा सापडतं: लेझरचा प्रकाश सिंगल मोड फायबरमध्ये सोडला आणि तिथून पुढे अमुक ठिकाणी नेला. लेखकाला सांगायचं असतं ते त्या पुढच्या ठिकाणाबद्दल. त्यामुळे फायबरमध्ये प्रकाश सोडण्याच्या वाट्याला अर्धंच वाक्य येतं. माझ्याकडे भौतिकशास्त्राची जी काही पुंजी आहे, ती या अर्ध्या वाक्यामागच्या कामाने दिली. ते काम मला जिने शिकवलं, तिने आपलं नाव छापू नकोस असं बजावलं आहे. म्हणून इथे तिला नुसतं ताई म्हणते. प्रयोगशाळेत आम्ही सगळे तिला तेच म्हणायचो.

मी कराडजवळच्या एका खेड्यातली. तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी. केलं. शेवटच्या वर्षी ऑप्टिक्सच्या पेपरात न्यूमेरिकल ॲपर्चरचं डेरिव्हेशन हमखास यायचं. कोअर (फायबरचा गाभा) आणि क्लॅडिंग (त्याभोवतीची काच) यांच्या वक्रीभवनांकांवरून एक कोन काढायचा; त्या कोनाच्या आत येणारा किरण पूर्ण आंतरिक परावर्तन होत फायबरमधून पुढे जातो, बाहेरचा जात नाही. मला ते तोंडपाठ होतं. फायबर मात्र मी कधी हातात धरली नव्हती आणि लेझर पाहिला होता तो दुकानातल्या लाल टॉर्चचा. त्यामुळे प्रकाश फायबरच्या तोंडाशी नेला की तो आपोआप आत जातो, अशी माझी समजूत होती. ती समजूत घेऊनच मी पुण्याला एम.एस्सी.ला आले आणि प्रोजेक्टसाठी एका प्रयोगशाळेत रुजू झाले. पहिलं काम कोणतं, असं विचारल्यावर सर म्हणाले, “टेबलावरचा हेलियम-निऑन लेझर फायबरमध्ये कपल कर. ताईकडून शिकून घे.” मला वाटलं, संध्याकाळपर्यंत होईल.

ताई तेव्हा पीएच.डी. करत होती. विदर्भातून आलेली, बोलायला मोकळी, टेबलाशी उभी राहिली की मात्र शांत. तिने मला आधी लेझरला हात लावू दिला नाही. फायबरची एक गुंडाळी दिली आणि म्हणाली, “पहिले तोंड साफ करणं शिक. तोंडच फुटकं असलं, तर आरसे हलवून काय फायदा?”

फायबरवर प्लॅस्टिकचं आवरण असतं. ते धरून जाडी पाव मिलिमीटर. ते स्ट्रिपरने सोलून काढलं की आत 125 मायक्रॉन जाडीची काच उरते. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कागदाने पुसायची, मग क्लीव्हरच्या कठीण पात्याने तिच्यावर बारीकशी खूण करायची आणि सरळ ताणायची. ताण सरळ असला तर भेग काचेच्या आरपार सरळ जाते आणि तोंड आरशासारखं सपाट तुटतं. जरा पीळ पडला की कडेला कंगोरा राहतो. प्रत्येक तोंड सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं आणि बिघडलेलं असेल तर पुन्हा सोलायचं. तुटलेले तुकडे मोजून झाकणाच्या डब्यात टाकायचे, कारण ते कातडीत घुसले तर दिसतही नाहीत आणि सहजी निघतही नाहीत. तुकडे टाकायच्या बाबतीत ताई फार कडक होती. फायबरचं दुसरं टोक डोळ्यासमोर धरून ‘प्रकाश येतोय का’ असं बघायचं नाही, हा तिचा दुसरा नियम. कोणी नुसतं तसं वाकलं, तरी ती हातातलं काम टाकून धावत यायची.

तोंड नीट तोडता यायला लागल्यावर तिने मला कागदावर एक हिशेब करायला लावला. आमच्या लाल प्रकाशासाठीच्या फायबरमध्ये प्रकाश ज्या भागातून जातो, त्याचा व्यास होता साधारण 4 मायक्रॉन. काचेचा व्यास 125. म्हणजे जे तोंड मी एवढ्या निगुतीने सपाट करत होते, त्याच्या क्षेत्रफळाचा जेमतेम हजारावा भाग कामाचा होता. भिंगाने एकवटलेला लेझरचा ठिपका त्या हजाराव्या भागावर पडायला हवा, तो तेवढ्याच आकाराचा हवा आणि तिथे सरळ शिरायला हवा. ठिपका एका मायक्रॉनने सरकला तर सुमारे पाचवा हिस्सा प्रकाश गेला. दोन मायक्रॉनने सरकला तर निम्म्याहून अधिक गेला. आणि ही सगळी जुळणी करायची ती हाताने फिरवायच्या स्क्रूंवर.

पहिल्यांदा पॉवर मीटरवर आकडा हलला, तेव्हा मी आनंदाने ताईला हाक मारली. तिने मीटर बाजूला केला आणि फायबरच्या टोकासमोर पांढरा कागद धरला. कागदावर उजेड होता, पण विस्कटलेला, कडेने कड्यासारखा. मग तिने टोकाजवळच्या उघड्या काचेवर ग्लिसरीनचा थेंब ठेवला. उजेड जवळजवळ नाहीसा झाला. प्रकाश कोअरमध्ये गेलाच नव्हता, तो बाहेरच्या क्लॅडिंगमधून चालला होता. ग्लिसरीनचा वक्रीभवनांक काचेपेक्षा थोडा जास्त असल्यामुळे थेंब लागताच तो काचेतून बाहेर निघून गेला. कोअरमधून आलेला प्रकाश या थेंबाला दाद देत नाही आणि कागदावर त्याचा गोल, मधे तेजस्वी आणि कडेला विरत जाणारा एकच ठिपका पडतो. मीटर खोटं सांगत नव्हता. मी त्याला नेमका प्रश्न विचारला नव्हता. तेव्हापासून कुठलाही आकडा दिसला की तो कशाचा, हे तपासायची सवय मला लागली, आणि ती ताईची देणगी आहे.

मग तिने मला उलट बाजूने यायला शिकवलं. फायबरच्या दुसऱ्या टोकातून लहानशा डायोड लेझरचा प्रकाश सोडायचा. तो अलीकडच्या तोंडातून बाहेर पडतो, भिंगातून जातो आणि आरशांवरून आपल्या मुख्य लेझरकडे चालत येतो. फायबरला कुठून आणि कशा दिशेने आलेला प्रकाश हवा आहे, हे तो दाखवतो. आता येणारा झोत या परतीच्या झोतावर बसवायचा: एकदा भिंगाजवळ कागद धरून, एकदा लांब धरून. दोन्ही जागी झोत एकमेकांवर पडले की पलीकडे थोडा तरी प्रकाश निघतोच. अंधारात चाचपडण्याचे दिवस इथे संपले.

पण थोडा प्रकाश निघणं आणि पुरेसा निघणं यांत बराच फरक आहे. दोन आरसे, प्रत्येकाला दोन स्क्रू. मी एक स्क्रू फिरवून आकडा शक्य तितका वाढवायची, मग दुसरा, तिसरा, चौथा. असं करत एक जागा यायची, जिथे कुठलाही स्क्रू कुठेही फिरवला तरी आकडा उतरायचा. मी म्हणायची, “ताई, झालं. याच्या वर जात नाही.” ती म्हणायची, “तू एकेक करून बघतेस म्हणून जात नाही. पहिला आरसा मुद्दाम बिघडव.” पहिल्या आरशाचा आडवा स्क्रू थोडा फिरवून आकडा उतरू द्यायचा आणि दुसऱ्या आरशाच्या आडव्या स्क्रूने तो पुन्हा चढवायचा. आधीपेक्षा वर गेला तर त्याच दिशेने पुन्हा तसंच. खाली राहिला तर उलट दिशेने. आडवं झालं की उभ्याचं. झोताची जागा आणि दिशा एकमेकांत गुंतलेल्या असतात. जागेची चूक दिशेच्या चुकीने झाकली जाते आणि एकच स्क्रू हलवणाऱ्याला तेच शिखर वाटतं. माझे वडील गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात. पखवाज स्वरात लावताना एका बाजूचा गठ्ठा ठोकला की समोरचा स्वर बदलतो, मग तिकडे जावं लागतं, पुन्हा इकडे यावं लागतं. लहानपणापासून मी ते पाहत आले होते. ताई काय सांगते आहे, ते त्यामुळे माझ्या हातांना आधी कळलं, डोक्याला नंतर.

एवढं करूनही माझा आकडा वीस टक्क्यांच्या आसपास अडून राहिला. ताईला कारण ठाऊक होतं, हे मला पुढे कळलं. तिने ते सांगितलं नाही, फक्त एके दिवशी विचारलं, “तुझं भिंग कोणतं आहे? त्याचा ठिपका केवढा पडतो, काढलास का?” मी काढला नव्हता. तो काढायचा असतो, हेच मला माहीत नव्हतं. आमचा झोत 0.8 मिलिमीटर रुंद होता आणि मी वापरत होते ती दहापट मोठं करणारी ऑब्जेक्टिव्ह. तिचं नाभीय अंतर सुमारे 17 मिलिमीटर. त्यावरून ठिपका निघाला जवळपास 17 मायक्रॉनचा, म्हणजे फायबरला हवा त्याच्या चौपट. आणि चौपट ठिपका असला, तर सगळी जुळणी निर्दोष असूनही जास्तीत जास्त 22 टक्के प्रकाशच आत जाऊ शकतो. मी त्या मर्यादेच्या जवळ पोचले होते. हात बरोबर होते, भिंग चुकीचं होतं. चाळीसपट मोठं करणारी ऑब्जेक्टिव्ह लावली, तिचं नाभीय अंतर साडेचार मिलिमीटरच्या आसपास. आणि त्याच स्क्रूंवर, त्याच हातांनी आकडा साठाच्या पुढे गेला.

हे 22 टक्के आले कुठून, हे समजून घेताना माझ्या शिक्षणातली सगळ्यात मोठी गोष्ट घडली. सिंगल मोड फायबरच्या बाबतीत किरणाचं आणि कोनाचं ते पाठ केलेलं चित्र अपुरं पडतं. तिथे प्रकाशाच्या लाटेला एकच आकार मंजूर असतो. येणाऱ्या लाटेचा आकार त्या आकाराशी किती जुळतो, याचं एक संकलन करायचं आणि त्याचा वर्ग घ्यायचा. तेवढा हिस्सा आत जातो. ताईने ते संकलन फळ्यावर लिहिलं आणि मी थबकले. त्याच सत्रात आम्हाला क्वांटम मेकॅनिक्स होतं. तिथे एका अवस्थेतली प्रणाली दुसऱ्या अवस्थेत सापडण्याची संभाव्यता काढायला आम्ही हुबेहूब हेच लिहीत होतो: दोन अवस्थांचं आंतरगुणन, त्याचा वर्ग. वर्गात ती मला नुसती चिन्हं वाटायची; मी गुण मिळवत होते आणि आत काही पोचत नव्हतं. आता मी स्क्रू फिरवत होते आणि ते आंतरगुणन मीटरच्या पडद्यावर चढत-उतरत होतं. त्या संध्याकाळी होस्टेलवर जाऊन मी क्वांटमची वही पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला काढली. संशोधन करायचं, हे मी ठरवलं ते तेव्हा.

माझं एम.एस्सी. संपलं त्याच सुमाराला ताईने पीएच.डी. अर्धवट सोडली. घरी वडील अंथरुणाला खिळले होते, शिष्यवृत्तीची मुदत संपत आली होती आणि धाकट्या भावाचं शिक्षण बाकी होतं. दूरसंचाराच्या केबल टाकणाऱ्या एका कंपनीत तिने नोकरी धरली. फायबर जोडणाऱ्या मुलांना शिकवायचं काम. त्या टेबलावर तिने जुळवलेल्या झोतांवर नंतर काही जणांचे प्रबंध झाले. त्यांत तिच्या कामाचं अर्धं वाक्य आहे. माझ्या स्वतःच्या प्रोजेक्टच्या अहवालातही तेवढंच आहे, शिवाय शेवटी आभार. मला तेव्हा ते पुरेसं वाटलं होतं.

पीएच.डी.ला मी अतिशीत अणूंवर काम केलं. रुबिडियमचे अणू थंड करायला 780 नॅनोमीटरचा प्रकाश लागतो. तो डोळ्यांना जेमतेम दिसतो, त्यामुळे कागदाऐवजी खास कार्ड वापरावं लागतं. एका टेबलावर लेझर, दुसऱ्यावर निर्वात पात्र आणि मधे फायबर. या कामात फायबर हे नुसतं वाहून नेण्याचं साधन नसतं. डायोड लेझरचा झोत ओबडधोबड असतो; फायबर त्यातला आपल्या आकाराशी जुळणारा भागच घेते, त्यामुळे पलीकडे निघणारा झोत गोल आणि स्वच्छ असतो. शिवाय लेझरच्या टेबलावर एखादा आरसा हलला, तर पात्राकडचा झोत जागचा हलत नाही, फक्त मंद होतो. प्रकाशाचं ध्रुवण टिकवणारी फायबर असेल, तर तिच्या गाभ्याच्या दोन बाजूंना ताण देणाऱ्या दोन काड्या असतात आणि प्रकाशाचं ध्रुवण त्या अक्षाशी जुळवावं लागतं. हे नवं होतं. बाकी सगळं ताईने शिकवलेलं. रोज सकाळी अणूंकडे बघण्याआधी मी फायबरच्या टोकांचे आकडे घ्यायची. प्रयोग बिघडला की इतर जण संगणकाकडे धावायचे आणि मी आधी मीटर उचलायची. बऱ्याचदा दोष तिथेच सापडायचा.

एकदा फोनवर तिला कौतुकाने सांगितलं, की आता सहज साठ टक्के मिळतात. ती जरा गप्प राहिली आणि म्हणाली, “साठ म्हणजे सव्वादोन डेसिबल गेले. तेवढ्यात माझा प्रकाश अकरा किलोमीटर जातो गं.” मी हिशेब केला. 1550 नॅनोमीटरला आजच्या फायबरमध्ये दर किलोमीटरला 0.2 डेसिबलच्या आसपास घट होते. तिचं म्हणणं बरोबर होतं. 1966 साली इंग्लंडमधल्या हार्लो इथे चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी मांडलं होतं, की काचेतली अशुद्धी काढली तर ही घट किलोमीटरला 20 डेसिबलच्या खाली आणता येईल. 20 डेसिबल म्हणजे किलोमीटरभरानंतर शंभरातला एक भाग उरणं, आणि तेवढंही तेव्हा अशक्य वाटत होतं. 1970 साली कॉर्निंगच्या मॉरर, केक आणि शुल्ट्झ यांनी 17 गाठले. कावना 2009 साली नोबेल मिळालं. काच इतकी निर्मळ झाल्यावर आता वाटेपेक्षा दारातच जास्त प्रकाश सांडतो, हे मला पुस्तकाने सांगितलं नव्हतं. रस्त्याकडेला जोडणीच्या मशीनपाशी उभ्या असलेल्या ताईने सांगितलं. तिथे ती एका दशांश डेसिबलचा जोडसुद्धा तोडून पुन्हा करायला लावते.

वडिलांना मूतखड्याचा त्रास झाला, तेव्हा हे सगळं पुन्हा माझ्यासमोर आलं. डॉक्टर म्हणाले, हॉल्मियम लेझरने खडा फोडू, आत फक्त एक बारीक फायबर जाईल. त्यांनी विश्वासाने दाखवलेली ती फायबर मी हातात घेतली. गाभा दोनशे ते साडेतीनशे मायक्रॉनच्या घरातला, म्हणजे मी जन्मभर ज्याच्यामागे होते त्यापेक्षा कितीतरी ऐसपैस. प्रकाश 2.1 मायक्रॉनचा, पाणी तो इतक्या लवकर शोषून घेतं, की अर्ध्या मिलिमीटरपलीकडे त्याचा फारसा जोर राहत नाही, म्हणून खडा फुटतो आणि आजूबाजूचा भाग वाचतो. ऑपरेशनच्या खोलीत काम करणाऱ्या एका भाऊंनी सांगितलं, की जोडणीच्या टोकावर धूळ असली तर ते टोक जळतं, आत एक संरक्षक काच असते तीही खराब होते. म्हणून लावण्याआधी ते टोक रोज भिंगातून बघतात. मी बाहेर बाकावर बसले आणि मला ताईचं ‘पहिले तोंड साफ करणं’ आठवलं. माझ्या वडिलांच्या शरीरात उतरणारा प्रकाश आधी कुणीतरी एका तोंडाशी जुळवलेला होता आणि कुणीतरी ते तोंड पुसलेलं होतं. त्या माणसांची नावं मला कधी कळणार नाहीत. वडील बरे झाले आणि आषाढी एकादशीला त्यांनी पुन्हा पखवाज घेतला.

आता मी एका कॉलेजात शिकवते. आमच्याकडे एक जुना हेलियम-निऑन आहे, दोन आरसे आहेत आणि फायबर आहे. फेब्रुवारीत राष्ट्रीय विज्ञान दिनाला मुलांना घेऊन नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघायला जाते. तिथल्या 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना सुमारे 25 किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत आणि त्यांनी टिपलेले आकाशातले रेडिओ संदेश प्रकाशावर स्वार होऊन जमिनीखालच्या फायबरमधून मुख्य केंद्राकडे येतात. मुलं अँटेनांकडे बघत उभी राहतात, तसं बघावंच. मी त्यांना हेही सांगते, की प्रत्येक अँटेनाच्या मागे एक लेझर आहे आणि त्याचा प्रकाश काही मायक्रॉनच्या गाभ्यात बसवलेला आहे; तो तसा बसला नसता, तर लांबच्या आकाशगंगेचा संदेश खोडदच्या शेतातच राहिला असता.

प्रयोगशाळेत मी एक नियम केला आहे. कपलिंग ज्याने केलं, त्याचं नाव आणि आकडा जर्नलमध्ये प्रयोगाच्या सुरुवातीला लिहायचा, आणि अहवालात ते नाव पद्धतीच्या भागात यायला हवं, आभारात नव्हे. यंदा एका विद्यार्थिनीने सत्तर टक्के गाठले. उघड्या काचेच्या दोन तोंडांवर मिळून सातेक टक्के प्रकाश परावर्तनातच जातो, हे धरलं तर ते फार चांगलं आहे. मी ताईला आकडा कळवला. तिने तोंडाचा फोटो मागवला, बघितला आणि म्हणाली, कडेला कंगोरा आहे, अजून वाढेल. परीक्षा झाल्यावर ती दोन दिवस येणार आहे, मुलांना क्लीव्ह करायला आणि जोडायला शिकवायला. जोडणीचं मशीन ती स्वतः आणते आहे. अल्कोहोल, पुसायचे कागद आणि तुकड्यांसाठी झाकणाचा डबा आम्ही तयार ठेवायचा आहे.